किल्ली कुणाच्या नावावर?

चि. सोनूस,


तुझा तक्ता मिळाला. तीन होस्टिंग कंपन्या, बारा रकाने आणि तळाशी तुझा प्रश्न: "आत्या, यांतली कुठली घेऊ?" तक्ता तू मन लावून केला आहेस. डिस्क किती, महिन्याला व्हिजिट्स किती, साइट्स किती, डॉलर किती, रुपये किती. पण गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या स्टुडिओला ज्या गोष्टींनी खरा त्रास दिला, त्यांतल्या बहुतेकींना त्यात रकाना नाही. म्हणून फोनवर दोन वाक्यांत उत्तर न देता लिहायला बसले.

एक हकिकत तुला कधी सांगितलेली नाही. आमच्याकडे रत्नागिरीजवळच्या एका बागायतदारांची साइट होती. हापूसची पेटी बागेतून थेट घरी. त्यांचं अख्खं वर्ष मार्चअखेरपासून मेपर्यंतच्या आठ-दहा आठवड्यांत सामावलेलं. अक्षय्यतृतीयेला सहा दिवस उरलेले असताना साइट बंद पडली. मी होस्टिंग कंपनीला फोन करून धारेवर धरलं. पलीकडच्या मुलाने शांतपणे सांगितलं, सर्व्हर चालू आहे, तुमच्या डोमेनची मुदत संपली आहे. ते डोमेन आमच्याकडच्या एका मुलाने घाईघाईत स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. तो नोकरी सोडून कॅनडाला गेला होता, तो जुना मेल तो उघडतही नव्हता. रिन्यूअलच्या सगळ्या सूचना तिथे जाऊन पडत होत्या. त्याला शोधायला, त्याच्याकडून पासवर्ड मिळवायला आणि पैसे भरायला पाच दिवस गेले. सणाची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ते काका माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ताई, बाग माझी, आंबा माझा, मग दुकानाचं नाव दुसऱ्याच्या नावावर कसं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसानंतर मी होस्टिंगकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. म्हणून तुझ्या तक्त्यातला पहिला रकाना हा असू दे: किल्ली कुणाच्या नावावर?

डोमेन क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर, क्लायंटच्या कार्डावर. यात तडजोड नाही. होस्टिंगच्या खात्याबद्दल मात्र दोन मतं आहेत. बरेच स्टुडिओ सगळ्या क्लायंटच्या साइट्स आपल्या एकाच मोठ्या खात्यात ठेवतात, कंपनीला एकरकमी पैसे देतात आणि क्लायंटकडून त्याहून जास्त घेतात. त्यात पाप नाही, कारण देखभालीचे कष्ट खरे असतात. पण ते पैसे 'देखभाल' म्हणून बिलात स्वच्छ लिहावेत, 'होस्टिंग'च्या आड दडवू नयेत. आणि क्लायंट उद्या म्हणाला, "मला माझं खातं वेगळं करून दे," तर ते तासाभरात करता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या ओमाहा गावी २०१२ साली सुरू झालेल्या फ्लायव्हील कंपनीने डिझायनरांसाठी हेच सोपं केलं होतं: साइट तुम्ही बांधा, झाली की तिचं बिल क्लायंटच्या नावे वळतं करा. इतकी साधी सोय, पण ती मागायला हवी हे सुचायलाच मला एक आंब्याचा हंगाम गमवावा लागला.

आता तुझ्या तक्त्यातल्या 'मॅनेज्ड' या शब्दाचा नेमका अर्थ. तू कोथरूडला ज्या सोसायटीत राहतेस तिथे लिफ्ट, पाण्याची टाकी, जिन्यातले दिवे, वॉचमन हे सोसायटीचं काम. तुझ्या बाथरूममधला नळ गळायला लागला तर प्लंबर तू बोलावतेस. मॅनेज्ड होस्टिंग हेच. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, तिचे सुरक्षा पॅच, पीएचपीची नवी आवृत्ती, कॅश, फायरवॉल, रोजचा बॅकअप हे त्यांचं. तू बसवलेलं सतरावं प्लगइन आणि त्याच्या अपडेटमुळे कोसळलेलं चेकआउट पेज हे तुझं. कंपनीगणिक ही रेघ थोडी इकडेतिकडे सरकते. काही कंपन्या ठरावीक प्लगइन बसवूच देत नाहीत. कॅश किंवा बॅकअपची प्लगइनं त्यांच्या व्यवस्थेवर भार टाकतात म्हणून. ती यादी पैसे भरण्याआधी वाच.

ईमेल तर बहुतेकदा रेघेच्या बाहेरच असतो. किन्स्टा किंवा डब्ल्यूपी इंजिन मेलबॉक्स देत नाहीत. जुन्या स्वस्त होस्टिंगवर साइट आणि मेल एकत्र नांदत होते, त्यामुळे साइट हलवताना लोक नेमसर्व्हर सरसकट बदलतात आणि मेलची वाट सांगणारे एमएक्स रेकॉर्ड मागे राहून जातात. साइट दिमाखात उघडते आणि ऑफिसचे मेल बंद. क्लायंटला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं, तोवर एखादं टेंडर हुकलेलं असतं. हलवण्याआधी डीएनएसची सगळी नोंद कागदावर उतरवून घे. मी अजूनही वहीत लिहिते.

सर्व्हर कुठे आहे, हा रकाना तू केला आहेस, शाबास. फक्त त्यामागचं गणित मनात ठेव. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन किमान सेकंदाचा आठवा भाग, आणि समुद्राखालच्या तारा काही सरळ रेषेत नसतात. एक पान उघडायला अशा कितीतरी खेपा होतात. सीडीएनमुळे चित्रं जवळून येतात, पण ग्राहकाने पेटी कार्टमध्ये टाकली, पैसे भरायला गेला, की ती पानं कॅशमधून देता येत नाहीत. दर वेळी मूळ सर्व्हरलाच विचारावं लागतं. ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, गूगल क्लाउडचं २०१७ पासून. तेव्हा ज्या क्लायंटचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं आहे त्याची साइट व्हर्जिनियात ठेवायला आज काही कारण उरलेलं नाही. उलट तुझ्या त्या दिवाळी फराळवाल्या वहिनींच्या ऑर्डरी न्यू जर्सी आणि लंडनमधून येत असतील, तर 'मुंबईच हवी' हा आग्रह सोडून आधी त्यांच्या ऑर्डरी कुठून येतात ते मोज.

व्हिजिट्सचा रकाना मात्र फसवा आहे. 'महिन्याला पन्नास हजार व्हिजिट्स' वाचून आपण निश्चिंत होतो. दहावीचा निकाल आठव. वर्षभर त्या संकेतस्थळावर फारशी वर्दळ नसते, निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता अख्खा महाराष्ट्र एकाच मिनिटाला येतो. महिन्याची सरासरी तिथे काय कामाची? आंब्याचं, फराळाचं, नाटकाच्या तिकिटांचं असंच असतं. म्हणून कंपनीला विचार: एका वेळी किती पीएचपी वर्कर मिळतील? ते सगळे गुंतले की पुढची माणसं रांगेत थांबतात, आणि रांग लांबली की पान 'एरर' दाखवतं. शिवाय गूगलपासून चोरट्यांपर्यंत नाना तऱ्हेचे बॉट्स दिवसभर फिरत असतात. ते व्हिजिट्समध्ये धरले जातात का, आणि मर्यादा ओलांडली तर साइट बंद होते की जादा बिल येतं, हे लेखी घे. क्लाउडवेजसारखी व्यवस्था व्हिजिट्सवर नव्हे, सर्व्हरच्या ताकदीवर पैसे घेते. हंगामाआधी सर्व्हर मोठा करून घेता येतो. मोसमी धंद्याला मला ती रीत बरी वाटते, पण एका सर्व्हरवर दहा क्लायंट दाटीवाटीने बसवायचा मोहही तिथेच होतो. तो आवर.

आता बॅकअप. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजल्यांची एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या दुसऱ्या इमारतीचा काही भाग गेला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण लाखो साइट्स बंद पडल्या, आणि त्यांतल्या कित्येक कायमच्या गेल्या. ओव्हीएच ही युरोपातल्या सर्वांत मोठ्या होस्टिंग कंपन्यांपैकी एक, काल आलेली कंपनी नव्हे. सगळ्यांत वाईट वाटलं ते बॅकअपसाठी वेगळे पैसे भरलेल्या ग्राहकांचं. त्यांच्यातल्या काहींचा बॅकअप त्याच जागी ठेवलेला होता. मूळ प्रत आणि तिची प्रत, दोन्ही एकाच आगीत गेल्या. प्रकरणं कोर्टात गेली, भरपाईचे निकालही झाले, पण हरवलेला डेटा कोर्ट कसा परत देणार?

आपल्या आजीने सातबारा आणि घराची कागदपत्रं एकाच ट्रंकेत ठेवली होती, आणि त्यांच्या नकला मामाच्या घरी. तिला कुणी 'डिझास्टर रिकव्हरी' शिकवली नव्हती. तू कंपनीला तीन गोष्टी विचार. बॅकअप किती वेळाने होतो, किती दिवस ठेवला जातो, आणि तो दुसऱ्या शहरात असतो का. मग चौथी गोष्ट स्वतः कर: दर आठवड्याला एक प्रत त्या कंपनीच्या बाहेर, तुझ्या किंवा क्लायंटच्या ताब्यातल्या जागी उतरवून घे. कारण खातं गोठलं, वाद झाला किंवा कंपनीच बुडाली, तर तिच्या पॅनेलमधल्या 'रिस्टोअर'च्या बटणापर्यंत तुझा हातच पोचणार नाही.

आणि दर तीन महिन्यांनी एक साइट त्या प्रतीवरून नव्या जागी खरोखर उभी करून बघ. आम्ही पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा फाइल्स होत्या, डेटाबेस अर्धाच होता. आठ महिने आम्ही अर्ध्या बॅकअपवर निर्धास्त झोपत होतो. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपला मी तेव्हापासून बॅकअप म्हणत नाही.

स्टेजिंगचा, म्हणजे बदल आधी करून बघायच्या प्रतीचा, रकाना तू 'आहे/नाही' असा केला आहेस. ते पुरत नाही. स्टेजिंगवरून लाइव्हवर काय काय ढकललं जातं, हे महत्त्वाचं. एका दिवाळीत आमच्याकडच्या एका मुलाने सकाळी साइटची प्रत स्टेजिंगवर घेतली, दुपारपर्यंत बॅनर बदलले आणि सगळंच्या सगळं लाइव्हवर ढकललं. डेटाबेससकट. सकाळपासून दुपारपर्यंत आलेल्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. पैसे पेमेंट गेटवेकडे जमा, पण कुणी काय मागवलं ते कुठेच नाही. आम्ही चौघांनी रात्री उशिरापर्यंत एकेका गिऱ्हाइकाला फोन करून ऑर्डर पुन्हा लिहून घेतली. पॅन्थिऑन नावाच्या कंपनीची पद्धत मला म्हणूनच आवडते. तिथे डेव्ह, टेस्ट आणि लाइव्ह अशा तीन पायऱ्या असतात आणि नियम एकच: कोड खालून वर चढतो, मजकूर वरून खाली उतरतो. तू कुठलीही कंपनी घे, हा नियम स्टुडिओच्या भिंतीवर लावून ठेव.

'अपटाइम ९९.९ टक्के' यावर फार वेळ घालवू नकोस. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. त्याहून जास्त बंद राहिली तर कंपनी सहसा महिन्याच्या भाड्यातला काही हिस्सा परत देते. बुडालेल्या धंद्याची भरपाई करत नाही. त्यापेक्षा एकदा रात्री अकरा वाजता त्यांच्या सपोर्टला खराखुरा तांत्रिक प्रश्न विचारून बघ. उत्तर देणारा माणूस तुझा प्रश्न वाचतो, की साठवलेलं उत्तर चिकटवतो? तेवढ्यावरून मी कंपन्या निवडल्या आहेत आणि सोडल्याही आहेत.

आता कंपन्यांच्या नावांविषयी. पाटी तीच राहते, मालक बदलतो. ज्या फ्लायव्हीलचं कौतुक वर केलं, ती २०१९ मध्ये डब्ल्यूपी इंजिनने घेतली. क्लाउडवेज २०२२ मध्ये डिजिटलओशनने ३५ कोटी डॉलरला घेतली. मुंबईत उभ्या राहिलेल्या डायरेक्टीचे बिगरॉकसारखे होस्टिंग ब्रँड २०१४ मध्ये अमेरिकेच्या एंड्युरन्सकडे गेले; ब्लूहोस्ट आणि होस्टगेटरही तिच्याकडेच होते. दोन दुकानांतून दर काढून आपण तुलना केली असं वाटतं, आणि दोन्ही दुकानं एकाच शेटजींची निघतात.

मालक न बदलताही काय होऊ शकतं, ते २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन यांच्यात नाममुद्रेच्या वापरावरून आणि वर्डप्रेसला परत काय देता यावरून उघड भांडण पेटलं. २५ सप्टेंबरला वर्डप्रेस डॉट ऑर्गने डब्ल्यूपी इंजिनच्या सर्व्हरना दार बंद केलं. प्लगइन आणि थीमची अपडेट्स तिथूनच येतात, त्यामुळे तिच्या ग्राहकांची अपडेट्स थांबली. मध्ये काही दिवसांची सवलत मिळाली, मग पुन्हा दार बंद. कंपनीने स्वतःची पर्यायी व्यवस्था उभी केली, २ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला, आणि १० डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता आदेश देऊन प्रवेश पूर्ववत करायला लावला. यात बरोबर कोण, हे कोर्ट ठरवेल. मला आठवतात ते दोघांच्या मधले स्टुडिओवाले. त्यांनी कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं, आणि त्यांना आपापल्या क्लायंटला समजावत बसावं लागलं. होस्टिंग कितीही नामांकित असो, दोन दिवसांत गाशा गुंडाळून दुसरीकडे जाता येईल अशीच साइट बांध. त्या कंपनीच्याच खास सोयींवर फार भिस्त ठेवू नकोस.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीत असतो तो पहिल्या वर्षाचा दर. तक्त्यात रिन्यूअलचा दर लिही. परदेशी कंपनीला जीएसटी नंबर दे, म्हणजे १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तू भरशील आणि क्रेडिट घेशील. तुझ्या सीएला विचारून घे. आणि कार्डाचं बघ. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक केले तेव्हा कितीतरी परदेशी सेवांचे हप्ते बँकांनी परतवले. १५,००० रुपयांच्या वरच्या व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागतो. वर्षाचं बिल आपोआप जाईल या भरवशावर राहू नकोस, कॅलेंडरवर तारीख लाव.

जबाबदारीही समजून घे. गोडॅडीने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की तिच्या मॅनेज्ड वर्डप्रेस व्यवस्थेत सप्टेंबरपासून कुणीतरी शिरलेलं होतं आणि सुमारे १२ लाख ग्राहकांची माहिती उघडी पडली. दुसऱ्याकडे सोपवलं म्हणजे आपण सुटलो असं नाही. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर ज्याने गिऱ्हाइकाची माहिती गोळा केली त्यालाच उत्तरदायी धरतो, सर्व्हर कुणाचाही असो. म्हणजे त्या फराळवाल्या वहिनी उत्तरदायी ठरतात. त्यांना ते ठाऊकही नाही. सांगायचं काम तुझं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सगळ्या क्लायंटना एकच कंपनी घेऊ नकोस. फराळवाल्या वहिनींना हंगामी ताण आहे, त्यांना क्लाउडवेज घे आणि ऑक्टोबरच्या आधी सर्व्हर वाढव. ती आर्किटेक्टची फर्म पैसे देऊ शकते, त्यांना झंझट नको, त्यांना किन्स्टाचं मुंबई केंद्र शोभेल. वाचनालयाची पाच पानांची साइट नाशिकच्या माइल्सवेबवर ठेव. रुपयांत बिल येईल आणि समितीला ऑडिटमध्ये ते दाखवता येईल. प्रत्येक कंपनी सहा महिने वापरून बघ, आवडली नाही तर उठ. उठता यावं म्हणूनच एवढं लिहिलं.

आणि एक. तुझ्या तक्त्याच्या तळाशी सावंतवाडीच्या लाकडी खेळणीवाल्या बाईंच्या साइटपुढे तू लिहिलं आहेस: 'डोमेन स्टुडिओच्या खात्यात.' ते आधी त्यांच्या नावावर करून दे, पासवर्ड त्यांच्या हातात दे, आणि मगच होस्टिंगचे पैसे भर.

तुझी,
आत्या